खिडकीवर लिंटेल टाकून नऊ महिने झाले, आमचा अनुभव

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, भिंती चौदा इंची. खिडकीच्या लाकडी चौकटीला वाळवी लागली म्हणून काढून टाकली अन् अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवली, तिथंच फसलो. वर लिंटेल, म्हणजे विटांचा भार पेलणारा काँक्रीटचा आडवा पट्टा, नव्हताच की ओ, विटा सगळ्या त्या लाकडावरच बसलेल्या! चार महिन्यांत काच सरकेना, वर पायऱ्यापायऱ्यांची भेग. दोनदा पुट्टी भरली, दोनदा उघडली, पैसे पाण्यात.

मग एका म्हाताऱ्या गवंडीमामांनी थापीची मूठ ठोकून बघितली, बद्द आवाज. प्लास्टर काढलं तर एक वीट अलगद हातात आली. मामा म्हणले, खिडकीवरच्या तेवढ्या त्रिकोणातल्या विटा लोंबकळतात, बाकीचा भार बाजूच्या भिंतीवर उतरतो, म्हणून घर उभं हाय. पण त्या त्रिकोणात माळवदाची तुळई टेकत असेल तर आधी इंजिनियरला दाखवा, आतून तुळईला टेकू दिल्याशिवाय हात लावू नका.

काम गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा झाल्यावर फेब्रुवारीत केलं. चार फुटी खिडकीला पाच फुटाचे दोन लिंटेल आधीच अंगणात ओतून पंधरा दिवस पाणी मारलं, म्हणजे दोन्हीकडं सहा-सहा इंच भिंतीत बसतात. सळ्या खालच्या अंगाला असतात, उलटा बसला तर काही उपयोग नाही, म्हणून मामांनी कोळशानं 'खाली' असं लिहून ठेवलेलं. वर भोकं पाडून लोखंडी चॅनल आरपार घातले, खाली दोन्हीकडून जॅक, मग आधी बाहेरची अर्धी भिंत, ती पक्की झाल्यावर आतली. एकेक लिंटेल शंभरेक किलोचा, चौघं लागले. वरची फट सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्यानं ठासून भरली, ही पायरी घाईत करू देऊ नका, इथं पोकळ राहिलं की वीट परत खाली बसते. जॅक सात दिवसांनी काढले. घरभर धूळ, तीन चादरी धुऊनही लाल त्या लालच.

खर्च सगळा धरून साडेअकरा हजार. पावसाळा गेला, भेग नाही, काच एका बोटानं सरकते. तक्रार एकच, जुना चुन्याचा गिलावा अन् नवीन सिमेंट जिथं मिळतं तिथं केसाएवढी रेघ उठली, जाळी मारायला सांगायला पाहिजे होतं, माझीच चूक.

घराच्या मागच्या बाजूच्या खिडकीसाठी ओतलेले दोन लिंटेल सध्या अंगणात गोणपाटाखाली आहेत, आई सकाळी तुळशीला पाणी घालताना तांब्याभर त्यांच्यावर पण ओतते.