डावखुरीचा प्रवासातला बेस: मडगावहून आणलेला होफ्नर

महिन्यातले बारा-पंधरा दिवस मी मिरजेबाहेर असते. पतसंस्थांचं ऑडिट. दिवसा व्हाउचर आणि कर्जखाती, रात्री लॉज. रविवारी चर्चमध्ये बेस (बेस गिटार, खर्जातल्या जाड तारांची) वाजवायचा म्हणजे आठवडाभर हात चालता हवा, आणि घरचा बेस एसटीत नेणं म्हणजे कपाटाचं दार घेऊन फिरणं. म्हणून प्रवासाला छोटा बेस शोधायला लागले. त्यात मी डावखुरी. लहानपणी आजी प्रसादाच्या वेळी डाव्या हातावर चापट मारायची. वाद्यांच्या दुकानात चापट मारत नाहीत, "उलटा धरून बघा ना मॅडम" म्हणतात.

उलटा धरून बघितलेला आहे, चौदा वर्षं. घरचा बेस उजव्यांचाच. मिरजेतल्या एका तंबोरे करणाऱ्या काकांकडून त्याला हाडाची नवी अटी कोरून घेतली (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी; गिटारवाले तिला नट म्हणतात), म्हणजे जाड तार वर आली. काकांनी जन्मात बेस पाहिला नव्हता, पण खाचा अशा कापल्या की तार कुठे अडकत नाही. मूळची अटी त्यांनी काढून हातात दिली, "टाकू नकोस" म्हणाले. ती कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहे. तारांचं कोडं सुटलं, बाकीचं नाही. व्हॉल्यूमची बटणं माझ्या कोपराखाली येतात आणि मनात नसताना फिरतात, पट्ट्याची खुंटी चुकीच्या शिंगावर, आणि वरच्या सुरांसाठी जिथं लाकूड कापलेलं असतं तो काप भलत्या बाजूला गेल्यामुळे बाराव्या पडद्यानंतर (पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) हात पुढे सरकत नाही. एकदा केलं. परत नाही.

एका दुकानात पैसे भरून डाव्या हाताचा छोटा बेस मागवला. चार महिन्यांनी खोकं आलं, उघडलं तर उजवा. वर ऐकवलं, "तारा उलट्या लावून देतो, चार्ज नाही."

त्या चार महिन्यांत एवढं वाजवून पाहिलं की मोजपट्टीच पाठ झाली. नेहमीच्या बेसची तार अटीपासून घोडीपर्यंत (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती) 34 इंच, शॉर्ट स्केलची, म्हणजे आखूड तारेच्या बेसची, 30 इंच. चार इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण पहिल्या पडद्याचं अंतर 48 मिलिमीटरवरून 43 वर येतं, आणि माझ्या उजव्या हाताच्या करंगळीला (मी उजव्या हाताने पडदे दाबते) ते लगेच कळतं. सूर तोच ठेवून लांबी कमी केली की ताणही घटतो, त्याच जाडीच्या तारेत सुमारे 22 टक्के. म्हणून शॉर्ट स्केलवर जाड ई तार जरा लुळी लागते. जोरात छेडली तर पडद्यावर फडफडते. हात हलका ठेवायचा, किंवा थोड्या जाड तारा लावायच्या.

सगळ्यात मोह पडला तो काला कंपनीच्या चिमुकल्या यू-बेसचा. जेमतेम 21 इंचांची तार, रबरासारख्या जाड पॉलियुरेथेनच्या तारा, आणि अँपला लावला की आवाज उभ्या डबल बेससारखा गोल. एसटीच्या वरच्या फळीवर छत्रीशेजारी मावेल. पण पहिला पडदा 30 मिलिमीटरवर! आठवडाभर त्यावर बोटं फिरवून रविवारी मोठा बेस हातात घ्या, प्रत्येक सूर अलीकडे पडतो. 43 वरून 48 वर हात पाच मिनिटांत जातो, 30 वरून जात नाही. फक्त तोच वाजवणार असाल तर डोळे मिटून विकत घ्या.

दुसरं टोक म्हणजे स्टाइनबर्गरसारखा बिनडोक्याचा बेस. खुंट्या खाली घोडीपाशी, वर डोकंच नाही, त्यामुळे तार पूर्ण 34 इंचांची असूनही वाद्य जेमतेम मीटरभर. हाताला शंभरपैकी शंभर. पण मी पाहिलेल्याला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागत होत्या. गोंदियात तार तुटली तर ती कुठे शोधू? तिथं साध्या बेसच्या तारा मिळाल्या तरी नवस फेडावा लागेल.

शेवटी मिळाला तो मडगावच्या एका डावखुऱ्या गृहस्थांकडे: होफ्नर या जर्मन कंपनीचा इग्निशन नावाचा बेस, व्हायोलिनच्या आकाराचा, मुळात डाव्या हाताचाच घडवलेला. 28,000 रुपये, वापरलेला. त्यांची बोटं आखडली होती, आणि उजव्या माणसाला तो विकायचा नव्हता. असा गिऱ्हाईक मिळायला त्यांनाही वर्ष लागलं म्हणे. गोवा एक्सप्रेसने घेऊन आले, ब्रागांझा घाटात मांडीवर धरून.

हा आकार डावखुऱ्यांना का धार्जिणा, ते बीटल्सच्या डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बुर्गमध्येच ओळखलं होतं. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डाव्या हातात धरला तरी वेडाविद्रा दिसत नाही. (तोच बेस 1972 मध्ये चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी सापडला. प्रवासात वाद्य नजरेआड न करण्याबद्दल मी यापेक्षा जास्त काही सांगणार नाही.)

प्रवासी बेस म्हणून याची लांबी नापासच आहे. साडेतीन फूट. मान चिकटवलेली, स्क्रू काढून वेगळी करता येत नाही. विमानात केबिनमध्ये नेण्याचं नाव काढू नका. पण आतून पोकळ असल्यामुळे वजन अडीच किलोच्या आसपास, आणि मऊ पिशवीत घालून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर पायाशी आडवा टाकला की रात्र निघते. मला हाच पोकळपणा सगळ्यात जास्त आवडला. लॉजवर रात्री अकराला अँप न लावता वाजवला तरी मला ऐकू येतो आणि शेजारच्या खोलीत जात नाही. नीट ऐकायचं असेल तर व्हॉक्सचं अँपप्लग (हेडफोनपुरता चिमुकला अँप) थेट जॅकमध्ये खुपसते, दोन छोटे सेल आणि हेडफोन. जॅक कडेला असल्यामुळे ते मांडीला टोचतं, तेवढं चालायचं.

आता ज्यावर मी कावले त्या गोष्टी. घोडी लाकडाची, नुसती तारांच्या दाबावर उभी. मेहकरला जाताना बसमध्ये कुणाची तरी ट्रंक पिशवीवर टेकली, घोडी दोन मिलिमीटर सरकली, आणि बाराव्या पडद्यावरचा प्रत्येक सूर वर चढला. लॉजच्या ट्यूबलाइटखाली ट्यूनर लावून परत बसवायला पाऊण तास गेला. तेव्हापासून घोडीच्या पायाशी पेन्सिलीची खूण. तारा बदलतानाही एकेकच काढायची. चारही काढल्या तर घोडी हातात येते. तारा मागवताना आणखी एक खोच आहे. त्या घोडीवर संपत नाहीत, तिच्यामागे असलेल्या टेलपीस नावाच्या पट्टीला अडकतात, म्हणून नुसतं "शॉर्ट स्केल" वाचून आणलेल्या तारा आखूड पडू शकतात. ला बेला कंपनी या आकारासाठी वेगळा, गुळगुळीत गुंडाळीचा संच काढते, तो लावला. फडफड बरीच गेली.

स्विचची पट्टी म्हणजे सरकारी फॉर्म. "बेस ऑन", "ट्रेबल ऑन", "रिदम-सोलो" असं लिहिलंय, पण पाट्या वाचून वाजवायला गेलात तर गोंधळ उडेल. वर-खाली करून कानाला विचारा आणि आवडेल तिथं सोडून द्या. मी गेल्या दिवाळीपासून हात लावलेला नाही. बटणं मात्र कोपराखाली येत नाहीत, हे मला अजून रोज नव्याने जाणवतं. उभं राहून वाजवलं तर अंग हलकं असल्यामुळे मान खाली झुकते. रुंद, खरखरीत पट्टा घ्या. चर्चमध्ये ड्रमशेजारी आवाज वाढवला की पोकळ अंग घुमायला लागतं, म्हणून तिथं हा नेत नाही. पावसाळ्यात रत्नागिरीचं ऑडिट असेल तर पिशवीत सिलिकाच्या पुड्या टाकते, तरीही परत येईपर्यंत तारा पडद्यांपासून थोड्या उचललेल्या असतात.

घरचा मोठा बेस आता फक्त रविवारपुरता उरलाय. मागच्या महिन्यात पुतण्याने तो मागितला. पोरगा उजवा आहे. अजून हो म्हटलेलं नाही, पण कुंकवाची डबी शोधून टेबलावर काढून ठेवली आहे.