डेव्हनच्या किनाऱ्यावरील दोन जिन: प्लिमथ की सॉलकम?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात फिरताना जिन हे मद्य गाळणाऱ्या एकाच कारखान्यासाठी (डिस्टिलरीसाठी) वेळ असेल, तर निवड बहुधा प्लिमथ आणि सॉलकम यांच्यातच करावी लागते. दर्यावर्दी इतिहासाचा वारसा दोघीही सांगतात. पण तो इतिहास बाटलीवरच्या चित्रापुरता आहे की पेल्यातही उतरतो, हे पाहिले की निर्णय सोपा होतो.

प्लिमथच्या बार्बिकन या जुन्या बंदरभागातील ब्लॅक फ्रायर्स डिस्टिलरीत १७९३ पासून जिन तयार होते. तिची इमारत त्याहून कितीतरी जुनी असून सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातला आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यांत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, तरी बार्बिकनचा बराचसा भाग बचावल्यामुळे हा ठेवा आज पाहता येतो. ज्या बंदरातून १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ हे इंग्लिश स्थलांतरितांचे जहाज अमेरिकेकडे निघाले, ते येथून काही पावलांवर आहे, आणि ब्रिटिश नौदलाचे तळ याच शहरात असल्याने या जिनला गिऱ्हाईक दारातच मिळाले. त्या काळी खलाशांच्या वाट्याला रम येई, तर अधिकारी जिन पसंत करीत. ५७ टक्के मद्यार्काची ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ (नौदलाच्या तीव्रतेची) जिन ही त्याच नात्याची आठवण आहे. इतकी तीव्र जिन तोफेच्या दारूवर सांडली तरी ती दारू पेट घेई, म्हणून नौदलाला हीच लागे, असे हौसेने सांगितले जाते. मात्र ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ हे नाव बाटलीवर १९९३ मध्ये आले, हे लक्षात ठेवून ती कथा आख्यायिका म्हणूनच ऐकावी. नेहमीची प्लिमथ ४१.२ टक्क्यांची असते. जुनिपर (जिनला तिची ओळखीची चव देणारे फळ), धने, वेलदोडे, संत्र्याची व लिंबाची साल, अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचे मूळ आणि ओरिसचे (आयरिस फुलझाडाचे) मूळ या सातच घटकांमुळे ती मऊ आणि किंचित मातकट लागते.

सॉलकमची डिस्टिलरी अगदी अलीकडची आहे. सॉलकमच्याच खाडीत शिडाच्या होड्या चालवायला शिकवताना ओळख झालेल्या दोन मित्रांनी ती सुरू केली आणि २०१६ मध्ये तिची जिन बाजारात आली. एकोणिसाव्या शतकात येथे बांधलेली वेगवान शिडाची जहाजे अझोर्स, भूमध्य समुद्र आणि वेस्ट इंडीजमधून फळे आणीत. माल नासण्यापूर्वी इंग्लंड गाठायचे असल्यामुळे त्यांच्या बांधणीत वेगाला फार महत्त्व होते. जवळच्या भूशिराचे नाव घेतलेल्या ४४ टक्क्यांच्या ‘स्टार्ट पॉइंट’ जिनमध्ये तेरा घटक असून लिंबू, लाइम आणि लाल ग्रेपफ्रूट यांच्या ताज्या सालींचा गंध पहिल्याच घोटाला जाणवतो. जहाजांनी जे आणले तेच पेल्यात आहे, आणि इतिहासाचा इतका सरळ उपयोग मला फार भावतो.

‘क्राफ्ट’ (छोट्या, स्वतंत्र उत्पादकाने बनवलेले) हा शब्द ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी प्लिमथ जिन आता पेर्नो रिकार या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची आहे, हेही जमेस धरावे. स्वतःच्या हाताने जिन बनवून पाहायची असेल, तर सॉलकमच्या जिन शाळेत छोट्या तांब्याच्या भट्टीवर आपल्या पसंतीचे घटक घालून तयार केलेली बाटली घरी नेता येते. प्लिमथमध्ये मार्गदर्शकासह फेरी मुख्य आकर्षण असून जुनी मोठी भट्टी प्रत्यक्ष पाहायला मिळते.

प्रवासाच्या दृष्टीने प्लिमथ निःसंशय सोयीचे, कारण रेल्वे थेट तेथे जाते. सॉलकमला रेल्वे स्थानक नाही, रस्ते अरुंद आहेत आणि उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळणे कठीण होते. गाडी चालवणाऱ्याने जिनची चवही घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने माझ्या मते प्लिमथ निवडावे, कारण तेथील वास्तू आणि बंदर दुसरीकडे मिळणार नाहीत. घरी टॉनिकबरोबर घेण्यासाठी मात्र मी ‘स्टार्ट पॉइंट’ला झुकते माप देईन आणि त्यात ग्रेपफ्रूटची फोड घालीन; पण अँगोस्टुरा बिटर्स या कडवट अर्काचे थेंब टाकलेली नौदलाची ‘पिंक जिन’ करायची असेल, तर प्लिमथचीच बाटली घ्यावी.