साडेतेरा फुटी दोनहाती सॅल्मन रॉड: गोव्यातल्या वापरानंतरचा अनुभव (आणि सांध्यांच्या टेपबद्दल सविस्तर)

हा मासेमारीचा संच ज्यांनी घेतला आहे त्यांना सगळ्यात आधी एकच सांगतो: सांध्यांना टेप लावा. घरात टेप नसेल तर ती आणेपर्यंत रॉड नळीतून बाहेर काढू नका. संचाची बाकी माहिती तुम्ही विकत घेताना वाचलीच असेल: साडेतेरा फूट, ८/९ वजनाचा (म्हणजे त्या क्रमांकाच्या लाइनसाठीचा), चार तुकडे, सोबत रील, ३६ ग्रॅमचं शूटिंग हेड (लाइनचा जाड, वजनदार पुढचा भाग) आणि तीन पॉलिलीडर (लाइनच्या टोकाला जोडायचे निमुळते तुकडे). मला कस्टम्स धरून ५२ हजारांच्या वर पडला. एवढे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात टेप हा शब्दही नाही. ‘सांधे घट्ट बसवा’ एवढं एक वाक्य आहे आणि त्याच वाक्यापायी माझा तिसरा तुकडा गेला.

ऑक्टोबरपासून मी हा रॉड मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या बांधावर वापरतोय. फेब्रुवारीत एका दुपारी सिंगल स्पे (लाइन पूर्ण मागे न फेकता, टोक पाण्यावर टेकवून पुढे फेकायचा कास्ट) मारताना खाड्‌कन आवाज झाला. पाहिलं तर तिसऱ्या तुकड्याच्या तोंडाला, म्हणजे तो दुसऱ्यावर जिथे बसतो तिथे, बोटभर उभी चीर पडली होती. मासा नव्हता, लाइन कुठे अडकली नव्हती, फ्लायच्या (पिसांच्या नकली आमिषाच्या) जागी लोकरीचा गोंडा होता.

कारण नंतर कळलं आणि ते सरळ आहे. नऊ फुटी एकहाती रॉड डोक्यावरून मागे-पुढे जातो, त्यात पिळा फारसा पडत नाही. स्पे कास्टमध्ये रॉडचं टोक गोलाईत फिरतं, लाइनचा इंग्रजी ‘डी’सारखा वेढा मागे उभा राहतो आणि तिथून रॉड पुढे येतो. त्या फिरण्याने प्रत्येक कास्टला सांधा केसभर वळतो आणि वर सरकतो. तासाभरात तो इतका वर येतो की आतला तुकडा नुसता टोकावर टेकलेला असतो, आणि सगळा ताण बाहेरच्या तुकड्याच्या पातळ कडेवर येतो. मग ती फाटणारच. स्कॉटलंडमध्ये, नॉर्वेत दोनहाती रॉड वापरणारे टेप लावूनच नदीवर उतरतात. तिथल्या माणसाला ते कुणी सांगावं लागत नाही. भारतात हा रॉड पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला मात्र सांगावंच लागेल, आणि ते काम विकणाऱ्याचं आहे.

सर्व्हिसचा अनुभव असा. आधी फोटो मागितले. मग व्हिडिओ. मग मी कास्ट कसा करतो त्याचा व्हिडिओ. मग फोनवर उत्तर: ‘सर, हे कास्टिंग फॉल्टमध्ये येतं, वॉरंटीत नाही.’ मी विचारलं, सांधा सैल होऊ शकतो हे तुम्हाला माहीत होतं का? ‘हो सर, टेप लावायची असते.’ मग ते पत्रकात का नाही? यावर ‘वरिष्ठांना विचारून सांगतो.’ वरिष्ठांचं उत्तर यायला पंधरवडा लागला. शेवटी नवा तुकडा दिला, पण ‘हँडलिंग’च्या नावाखाली ६,८०० रुपये घेतले आणि फुटका तुकडा पाठवायचं कुरिअरही माझ्याच खिशातून गेलं. वीस रुपयांच्या टेपच्या गुंडाळीने जे टळलं असतं त्याचे हे पैसे आहेत. कंपनीला मी लिहून कळवलं आहे की प्रत्येक नळीत टेपची एक गुंडाळी आणि चार ओळींची चिठ्ठी टाका. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी रॉड घेतलाय त्यांनीही कृपया तसंच लिहावं.

आता टेपबद्दल, कारण यात मी बरेच प्रकार करून पाहिले. सेलोटेप अजिबात नको, उन्हात तिचा डिंक रॉडच्या पॉलिशला धरतो. मास्किंग टेप दव पडलं की सुटते. इलेक्ट्रिशियनची पीव्हीसी टेप सगळ्यात बरी. सांध्याच्या चार बोटं खालून सुरुवात करायची, ताणून तिरकी गुंडाळत वर चार बोटं जायचं आणि शेवटचा वेढा न ताणता नुसता चिकटवायचा, नाहीतर तो स्वतःहून उलगडतो. त्याआधी आतल्या तुकड्यावर मेणबत्तीच्या मेणाचा पातळ हात फिरवायचा. मेणाने सांधा घसरेल असं वाटतं, प्रत्यक्षात पकड वाढते. लाइन ज्यांतून जाते त्या कड्या एका रेषेत आहेत का ते कळावं म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवा. ठिपके सरकलेले दिसले की थांबा. आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी टेपचाही डिंक वितळतो, म्हणून ती त्याच संध्याकाळी काढायची. रात्रभर ठेवली तर काळा चिकटा राहतो. तो रॉकेलने काढू नका. खोबरेल तेलाचं बोट फिरवून दहा मिनिटं थांबा, मग साबणाच्या पाण्याने पुसा. मार्चपासून हे नेमाने करतोय आणि एकही सांधा हललेला नाही.

गोव्यात सॅल्मन रॉड कशाला, असं बांधावर मला सगळेच विचारतात. एक म्हातारे गरवणारे बाबा गोंड्याकडे बघून म्हणाले होते, ‘गरी खंय, बाब?’ (गळ कुठे आहे?) त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो. पुढच्या वर्षी जूनमध्ये स्कॉटलंडला स्पे नदीवर जंगली सॅल्मनसाठी जायचं आहे, आणि इतका खर्च करून तिथे जाऊन पहिले दोन दिवस कास्ट शिकण्यात घालवणं मला परवडणारं नाही.

नदी निवडायला वेळ लागला. आइसलँडची चौकशी केली. रँगा नद्यांमध्ये मासे खूप मिळतात, पण ते हॅचरीत वाढवून सोडलेल्या पिल्लांमधून परतलेले. ज्यासाठी जायचं तो जंगली मासा तो नव्हे. तिथल्या जंगली माशांच्या चांगल्या नद्यांचे दर ऐकून मी कागद मिटला. नॉर्वे मनात होतं, पण २०२४ च्या जूनमध्ये सॅल्मन इतके कमी आले की सरकारने ऐन हंगामात ३३ नद्यांवरची मासेमारी थांबवली. सगळी बुकिंग करून विमानात बसावं आणि नदीच बंद, ही जोखीम मी घेऊ शकत नाही. स्कॉटलंडमध्ये रॉडसाठी सरकारी परवाना लागत नाही, ज्याचं पाणी त्याची परवानगी लागते. नामांकित बीट (नदीचे खासगी पट्टे) महाग आहेत, पण ग्रँटाउन-ऑन-स्पेसारख्या गावांत स्थानिक अँगलिंग संस्थेचं पाणी आहे आणि ते पाहुण्यांनाही आठवड्याचा परवाना देतात. माझ्यासारख्या पगारदाराला हाच रस्ता आहे. एक गोष्ट हिशेबात धरा: स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरायला कायद्याने बंदी आहे. शनिवारी पोहोचलात तर राहण्याचे पैसे रविवारचेही जातील आणि त्या दिवशी नदी मिळणार नाही. रविवारी पोहोचा, सोमवार ते शनिवार नदीवर राहा.

मासा मिळेलच असं नाही. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधली रॉडवरची पकड १९५२ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वांत कमी होती, आणि त्याच डिसेंबरमध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने अटलांटिक सॅल्मनला ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात टाकलं. २००६ ते २०२० या काळात त्याची जगभरातली संख्या २३ टक्क्यांनी घटली. म्हणून मिळालाच तर पाण्यातच गरी काढून सोडायचा, हे मी आत्ताच ठरवलंय. बिनकाट्याच्या गऱ्या घेतल्या आहेत. खायला पणजीच्या बाजारात मासा आहे.

आता रॉडकडे. पहिल्या दोन महिन्यांत माझं मत वाईट होतं. जड वाटायचा, खांदा दुखायचा, लाइन पुढे ढिगाऱ्यासारखी पडायची. तेव्हा परीक्षण लिहिलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते. मत बदललं ते भरती-ओहोटीमुळे, आणि यासाठी गोव्याइतकी सोयीची जागा दुसरी मला माहीत नाही. स्पे कास्टला पाणी लागतं, वाहतं असेल तर उत्तम. लाइनचं टोक पाण्यात रुतलं की त्या ओढीवर रॉड वाकतो. मैदानातल्या गवतावर हे होत नाही. नदीवर एका काठाने उभं राहिलं की प्रवाह एकाच बाजूने येतो, दुसरी बाजू शिकायला पूल ओलांडावा लागतो. मांडवीवर एकाच दगडावर उभे राहा, सहा तासांत प्रवाह उलटतो, काठ आपोआप बदलतो.

त्यात दुपारचा समुद्रवारा पश्चिमेकडून येतो. ओहोटीला पाणी पश्चिमेला जातं, म्हणजे वारा प्रवाहाच्या उलट: अशा वेळी सिंगल स्पे. भरतीला पाणी पूर्वेला, वाराही पूर्वेला: मग डबल स्पे. चुकीचा कास्ट निवडला तर वारा फ्लाय सरळ तोंडावर आणतो. गोंड्याचा फटका कानशिलावर बसला तरी डोळ्यांत पाणी येतं, गरी असती तर काय झालं असतं? वारा आणि प्रवाह बघून कास्ट निवडायची ही सवय मला पुस्तकी माहितीने लागली नसती. शिवाय बांधाच्या मागे माड आणि खाजनातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) झुडपं. मागे लाइन फेकायला जागाच नाही. स्पे नदीच्या काठावरही झाडांमुळे हीच अडचण होती, म्हणूनच तिथे हा कास्ट जन्माला आला.

जानेवारीत केव्हातरी रॉड हलका झाला. म्हणजे मी जोर लावणं थांबवलं, खालचा हात पोटाकडे ओढायला लागलो आणि रॉडने उरलेलं काम स्वतः केलं. मधला भाग खोलवर वाकतो आणि सावकाश सुटतो. घाई करणाऱ्याला हा रॉड दाद देत नाही, थांबणाऱ्याला लांब फेक देतो. या किमतीत असा वाक मला दुसरीकडे मिळाला नसता. नवा तुकडा आल्यावर भीती होती की वाक बदलेल. रंगात किंचित फरक आहे, वाक तोच आहे.

लाइनबद्दल तक्रार नको, समज हवी. सॅल्मनच्या लाइनचं आवरण थंड पाण्यासाठी मऊ केलेलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते चिकट होतं आणि कड्यांमधून सुटत नाही. सकाळी दहाच्या आत आवरा, सावलीत ठेवा, साबणाने धुऊन पुसा. गरम पाण्यासाठी बनवलेली लाइन मी सरावाला घेतली नाही, कारण ती थंड पाण्यात तारेसारखी वेटोळी राहते, तिकडे तिचा उपयोग शून्य. पैसे वाचवा. हेडच्या मागची बारीक रनिंग लाइन मोनोची, म्हणजे एकाच सलग धाग्याची आहे, ती उन्हात चिकट होत नाही.

याच रॉडने चोणक (जिताडा) मारता येईल का, असं विचारणारे बरेच असतील. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी पाणी सुटतं तिथे चोणक अगदी पायाशी असतो, साडेतेरा फूट तिथे अडगळ आहे. नऊ फुटीच बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सवयी उलट्या आहेत. चोणक भुकेने झडप घालतो आणि आपण लगेच लाइन ओढून गरी बसवतो. सॅल्मन नदीत शिरल्यावर खात नाही. अंडी घालायला आलेला तो मासा चिडून किंवा जुन्या सवयीने फ्लाय तोंडात घेतो, आणि त्याला वळू द्यावं लागतं. ओढलं की सुटला. मी चोणक गरवत वाढलो आहे, हात थांबवणं मला सगळ्यात कठीण जातंय. सध्या फ्लाय प्रवाहात पंचेचाळीस अंशात टाकायची, आपोआप काठाशी येऊ द्यायची, दोन पावलं सरकायचं, पुन्हा टाकायची, एवढाच सराव करतो. पाण्यात मात्र उतरत नाही. दिवाडीजवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. त्यामुळे वेडर्सची (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पोशाखाची) चाचणी तिकडेच होईल.

पावसाळ्यात जपायची गोष्ट म्हणजे कॉर्कची मूठ. जूनमध्ये आठवडाभर नळी बंद राहिली आणि मुठीवर हिरवी बुरशी आली. ओला रॉड नळीत बंद केला तर पॉलिशला फोडही येतात. आता कापडी पिशवीतून काढून खोलीच्या कोपऱ्यात उभा ठेवतो. खाऱ्या पाण्यानंतर कड्या आणि रील गोड्या पाण्याने धुतो. रील साधं आहे, वजनाने रॉडला तोलतं, ड्रॅगने (रीलच्या ब्रेकने) अजून दगा दिलेला नाही.

एकूण पाचपैकी चार. सर्व्हिसला वेगळा एकच गुण, तोही शेवटी तुकडा पाठवला म्हणून. नव्याने घेणार असाल आणि विमानाने न्यायचा असेल तर याचाच सहा तुकड्यांचा प्रकार मिळतो का बघा. चार तुकड्यांची नळी साडेतीन फुटांची होते, ती केबिनमध्ये घेत नाहीत. सहा तुकड्यांना सांधे जास्त, म्हणजे टेपही जास्त, पण नळी मोठ्या बॅगेत तिरकी बसते. चार तुकड्यांचाच असेल तर दाबोळी असो की मोपा, तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून नळीची लांबी मंजूर असल्याचं लेखी घ्या. पीव्हीसीचा चार इंची पाइप हार्डवेअरच्या दुकानातून कापून घेतला की विकतच्या ट्रॅव्हल ट्यूबची गरज पडत नाही. दोन्ही टोकांना झाकणं, आत जुना टॉवेल, आणि टेपच्या दोन गुंडाळ्या.