अंगणाच्या ढाळापायी ७६,००० रुपयांना चुना

आमच्या लेआउटातला रस्ता सिमेंटचा झाला, उंचावला, आणि घर खड्ड्यात गेलं. नागपूरकरांना हे काय सांगायचं! त्यात सप्टेंबर २०२३ चा पूर पाहिलेला. "भाऊ, अंगणाचा ढाळ काढून घ्या," म्हणणारा ठेकेदार तेव्हा देवमाणूस वाटला. ८६,००० ठरले. आधी ५०,०००, गट्टू म्हणजे अंगणातले सिमेंटचे ठोकळे बसल्यावर २६,०००. उरलेले १०,००० मागायला तो फिरकलाच नाही, यावरून काय ते समजा.

चीड येते ती त्या लेव्हलच्या नळीची, म्हणजे ढाळ मोजायच्या पाणी भरलेल्या नळीची. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून उंच-सखल कळतं. एक टोक पोऱ्याकडे भिंतीशी, दुसरं याच्याकडे चेंबरशी, आणि याचा अंगठा नळीच्या तोंडावर दाबलेला. तोंड बंद असलं की पाणी हलत नाही, हवी ती लेव्हल दाखवा. मी समोर उभा, अंगठा दिसतोय, आणि मी मान डोलावतोय! पण नळी नेताना पाणी सांडू नये म्हणून तोंड दाबतातच. मोजताना दोन्ही टोकं मोकळी सोडायची, हे खातेवह्यांत जन्म गेलेल्या माणसाला कसं कळावं?

पहिल्याच जोरदार पावसात पाणी उलटं, भिंतीकडे. गट्टू उकरले तर खाली मुरूम नाहीच, कुणाच्या तरी पायव्यातून निघालेली काळी माती. मुरमाचे १७,५०० हिशेबात धरले होते, हरामखोराने! ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. गट्टू बसण्याआधी मुरूम स्वतः हातात घेऊन बघा, फोटो काढा. अंगणातलं पाणी बाहेर काढायचा चार इंची पाइपही नालीपर्यंत गेलाच नव्हता, गेटाच्या अलीकडे मातीतच संपला होता. पाइप बुजवण्याआधी त्यात बादलीभर पाणी ओता.

ठाण्यात म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. वॉर्डाच्या ऑफिसात म्हणाले, कंपाउंडच्या आतलं तुमचं तुम्ही बघा. अहो, पण रस्ता कुणी उंच केला? त्यावर साहेब मीटिंगला. मग अर्ज, झेरॉक्स, आधार, पुन्हा दुसरं टेबल. तिथे एकाने विचारलं, पक्कं बिल आहे का? रोखीने दिले तर ४,००० कमी करतो म्हणाला होता, कोण सोडेल? तुम्ही सोडा. बिल घ्या, पैसे खात्यातून द्या.

आणि ढाळ कागदावर लिहून घ्या: भिंतीपासून दहा फुटांत मातीला सहा इंच, गट्टूला निदान अडीच.

नवा मिस्त्री ४१,५०० मागतोय. परवा तोच ठेकेदार मागच्या गल्लीत दिसला. त्या घरी जाऊन सांगितलं, तर म्हणतात, "आमच्याकडे तर चांगलं करून राहिला."