पॅचवर्कच्या पिशव्यांसाठी सर्व्हो मोटरचे सिंगल नीडल मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरगुती मशीनच्या जागी सर्व्हो मोटरचे औद्योगिक सिंगल नीडल मशीन घेतल्याला आता दिवाळीचा एक पूर्ण हंगाम उलटून गेला आहे. खण, इरकल आणि शिंप्यांकडची सुती कात्रणे जोडून खांद्यावरच्या पिशव्या शिवायच्या आणि सांगली-कोल्हापूरकडच्या हस्तकला प्रदर्शनांत विकायच्या, असे माझे काम असल्याने ब्लाउज किंवा ड्रेस शिवणाऱ्यांना हा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही. कपड्याच्या शिवणीत बहुधा दोन-तीन पदर असतात. पॅचवर्कमध्ये मात्र चार तुकड्यांचे कोपरे जिथे मिळतात, तिथे सगळ्या मार्जिनांची मिळून एक गाठच तयार होते आणि तिच्याखाली पुन्हा फोम व अस्तर असते.

या गाठीपाशी घरगुती मशीन अडखळते, चाक हाताने फिरवावे लागते आणि टाके आखडतात. नव्या मशीनवर टाक्याची लांबी 3 मिलिमीटर ठेवली, तर गाठीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका सारखाच पडतो, अर्थात इस्त्री नीट केलेली असेल तर. पायडल हलके दाबून एकेक टाका घालता येतो, ही सर्व्हो मोटरची खरी देणगी आहे. जुन्या औद्योगिक मशीनांवरची क्लच मोटर शिवण थांबली तरी घरघरत राहते. ही मोटर पाय दाबला तरच फिरते, त्यामुळे दुपारी घरात कोणी झोपलेले असले तरी काम थांबवावे लागत नाही. गुडघ्याने फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलण्याची पट्टी मला सुरुवातीला अनावश्यक वाटली होती, पण दोन्ही हात तुकड्यावर ठेवून कोपरा वळवण्याची एकदा सवय लागली की तिच्याशिवाय शिवणे नकोसे होते.

मिनिटाला 5,000 टाक्यांच्या आसपासची क्षमता विक्रेते मोठ्या कौतुकाने सांगतात. ती कपड्यांच्या कारखान्यासाठी आहे. पिशव्या शिवणाऱ्यांनी वेगाची मर्यादा खालीच ठेवावी. मात्र अशा संथ वापरात तेलाचा पंप पुरेसे तेल वर चढवत नाही, ही बाब मशीन देताना कोणी सांगितली नाही. वरच्या काचेच्या खिडकीत तेल उडताना दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर दोरा काढून, फूट उचलून मशीन थोडा वेळ वेगात चालवावे. शिवाय सुईच्या दांड्यावरून तेलाचा अंश उतरतो आणि फिक्या खादीवर त्याचा डाग लगेच दिसतो, म्हणून सकाळची पहिली शिवण टाकाऊ चिंधीवरच घालावी.

सुयांचा हिशेब वेगळा आहे. घरगुती मशीनच्या चपट्या बाजूच्या सुया येथे चालत नाहीत, गोल दांड्याच्याच लागतात. तुकडे जोडताना 14 नंबर आणि पट्टे लावताना 18 नंबर, असे मी वापरते. खणाला मात्र केवळ सुई बदलून भागत नाही, कारण छोटा तुकडा कापला की त्याच्या कडा उसवू लागतात. कापण्यापूर्वी मागे पातळ चिकट बक्रम इस्त्रीने बसवावे लागते. ग्राहक आईची किंवा आजीची इरकल घेऊन येतात तेव्हा तर हे हवेच, कारण जुने रेशीम सुईच्या रेषेवरच फाटते.

आता उणीव. या मशीनचे दाते फक्त खालून कापड ओढतात, त्यामुळे फोम मध्ये असला की वरचा पदर मागे राहतो आणि शिवण संपताना तो बोटभर जास्त उरतो. क्लिपा जवळजवळ लावून आणि फुटाचा दाब कमी करून हे बरेच आटोक्यात येते, पूर्णपणे नाही. त्यात मशीनचा पाट सपाट असल्याने पिशवी एकदा बंद झाली की तिच्या गोल तळाशी पोहोचता येत नाही. म्हणून मी शिवणीचा क्रमच बदलला: खिसा, चेन, पट्ट्यांचे चौकोनी टाके हे सर्व कापड सपाट असतानाच पूर्ण करायचे आणि बाजूच्या शिवणी शेवटी घालायच्या. माझ्या मते टेबल आणि मोटरसह 25,000 रुपयांच्या आसपास झालेला खर्च पॅचवर्कपुरता वसूल आहे. ज्यांच्या पिशव्यांत रेक्झिन किंवा जाड कॅनव्हास मुख्य आहे, त्यांनी मात्र थोडे थांबून, वरचा पदरही पुढे ढकलणारे वॉकिंग फूटचे मशीनच घ्यावे, जरी ते बरेच महाग पडते.

कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण 2019 चा महापूर सांगलीत कोणी विसरलेले नाही. मशीनचे डोके बिजागऱ्यांवरून सुटते, पण ते उचलायला दोघे जण लागतात. त्याआधी तळाच्या ट्रेमधले तेल काढावे लागते, आणि मोटर टेबलाला खालून बोल्टने बसवलेली असल्याने योग्य मापाचा पाना मशीनच्या ड्रॉवरमध्येच ठेवलेला बरा.