किचनची जुनी शटर्स, नवा सनमायका आणि पीयू पेंट: खर्च किती आला, पोळ्यापर्यंत काय टिकलं

आकडा आधीच सांगते: 32,510 रुपये. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घरात, साहित्य आणि मजुरी मिळून. यात नवं किचन आलेलं नाही. ग्रॅनाइटचा ओटा, त्याखालचा कडप्पा, स्टीलच्या ट्रॉल्या सगळं जुनंच आहे. बदललं ते फक्त दर्शनी: ओट्याखालची शटर्स आणि ड्रॉवरची तोंडं, भिंतीवरची कपाटं आणि माळ्याची दारं. काम नाताळ ते संक्रांत या काळात झालं. मग अख्खा उन्हाळा गेला, आखाजी झाली, पाऊस झाला, आता पोळाही झाला. म्हणून लिहायला बसले. काम झाल्या झाल्या काढलेल्या फोटोंत सगळ्यांचीच किचन सुंदर दिसतात.

जुना सनमायका मरून रंगाचा, चकचकीत होता. शेवभाजीच्या तर्रीने आणि कांदा-खोबरं भाजल्याच्या धुराने गॅसजवळची दारं कायम ओशट असायची, कडेच्या लाकडी पट्ट्या सुटत होत्या. एका शोरूमने पूर्ण नव्या किचनचे 1,80,000 सांगितले आणि जुन्यावर पैसे घालू नका, वाया जातील, असा सल्लाही दिला. तो सल्ला सरसकट चुकीचा नाही. प्लाय सडलेला असेल तर खरंच वाया जातात. ते ओळखायला मात्र शोरूम लागत नाही. बिजागरीचा एक स्क्रू काढून पुन्हा बसवून बघा. घट्ट बसला तर प्लाय जिवंत आहे. नुसता गोल फिरत राहिला, शटरची खालची कड फुगलेली असली किंवा मागे वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तर त्या दारावर एक रुपया घालू नका. आमच्याकडे सिंकखालची दोन दारं अशी निघाली. तिथे परत प्लाय न लावता पाण्याने न फुगणारा पीव्हीसी बोर्ड लावला, 2,400 रुपये. कुणाला प्लायच घ्यायचा असेल तर शीटवरचा शिक्का वाचा. आपण ज्याला कमर्शियल म्हणतो तो आयएस (भारतीय मानक) 303 चा एमआर ग्रेड, नुसता दमटपणा सोसणारा, आणि मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, तो आयएस 710. सिंकखाली पहिला लावायचा नाही, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

आता भावाचं. सगळे फुटावर, म्हणजे चौरस फुटावर, भाव सांगतात आणि तिथेच गोंधळ होतो. एकाने 140 सांगितला, दुसऱ्याने 320. पहिला स्वस्त वाटला, पण त्याच्या 140 मध्ये बिजागऱ्या, हँडल, कडेची पट्टी, जुनी दारं उतरवणं-चढवणं, यातलं काही म्हणजे काही नव्हतं. दाराच्या दोन्ही बाजू मोजणार की एकच, हेही आधी विचारून घ्या. आमचं माप एका बाजूने खालचं 31 फूट, माळ्याचं 19 आणि वरच्या कपाटांचं 22. खाली आणि माळ्यावर सनमायका, वरच्या कपाटांना पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा फवारून मारायचा पेंट, असं ठरलं.

सनमायका 1 एमएमचा, मॅट, 1,450 ला शीट. आठ बाय चारची शीट म्हणजे 32 फूट, तेव्हा फुटाला 45 रुपये पडले. हे ऐकून आमचे अहो खूश. पण सगळा हिशेब लावला तेव्हा चित्र बदललं. 50 फुटांना तीन शीट लागल्या, कारण लाकडाच्या रेघांचं डिझाइन सगळीकडे उभंच यायला हवं, तिथे तुकडे वाया जातात. झाले 4,350. फेव्हिकॉल, पॉलिश पेपर आणि किरकोळ 1,800. कडेची पीव्हीसी पट्टी 1,800. मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोरगा यांची मजुरी 9,000. बेरीज 16,950, म्हणजे फुटाला 339. पीयूवाल्याचा भाव, ज्याला सगळी गल्ली महाग म्हणत होती, 320 होता आणि त्यात घासणं, पुट्टी, प्रायमर, फवारणी सगळं आलं. 22 फुटांचे 7,040. आमच्या मिस्त्रीच्या मजुरीत बिजागऱ्या बसवणंही होतं, म्हणून तुलना अगदी काट्यावर नाही, पण सनमायका स्वस्त आणि पेंट महाग हे जे ठोकून सांगितलं जातं ते छोट्या कामात टिकत नाही. पीव्हीसी बोर्डाचे 2,400 सोडले तर उरलेले पैसे लोखंडात गेले: सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार हळूच मिटवणाऱ्या, बिजागऱ्या 28, प्रत्येकी 140, म्हणजे 3,920, आणि 20 हँडलचे 2,200. सगळ्या खर्चात दिसणारा सनमायका जेमतेम सातवा हिस्सा. शीटमागे दोनशे रुपये वाचवायला मी दुकानं पालथी घालत होते, त्यापेक्षा मिस्त्रीशी नीट बोलणं जास्त फायद्याचं पडलं.

बोलायचं काय, तर चिकटवण्याबद्दल. जुना सनमायका उचकटायला गेलं की त्याबरोबर प्लायचा वरचा पापुद्राही निघतो, म्हणून बहुतेक मिस्त्री जुन्यावरच नवा लावतात. लावू द्या, पण दोन गोष्टी बघा. जुना चकचकीत पृष्ठभाग 80 नंबरच्या पेपरने पूर्ण मळकट होईपर्यंत घासला पाहिजे. आणि पांढरा फेव्हिकॉल तिथे चालत नाही. तो वाळतो लाकडात पाणी मुरल्यावर, आणि दोन सनमायक्यांच्या मधलं पाणी मुरणार कुठे? तिथे रबर बेसचा, दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू देऊन मग दाबायचा, तो लागतो. गॅसजवळच्या दारांना त्यातला उष्णता सोसणारा.

दुसरं, कडेची पट्टी. ती 2 एमएमची असेल तर दाराची रुंदी दोन्हीकडून मिळून 4 एमएमने वाढते. आधीच्या पट्ट्या काढून रंधा मारला नाही तर शेजारशेजारची दारं एकमेकांना घासतात. आमच्या मिस्त्रीने हे न सांगता केलं, तिथेच मला त्याचं काम आवडलं. माळ्याच्या एका उंच दाराला मात्र थोडा बाक आलाय. बाहेरून नवा थर आणि आतून काहीच नाही, असं झालं की ताण एकाच बाजूला पडतो. वर आहे, दिसत नाही, चालतंय. उंच दारं खाली असतील त्यांनी आतूनही पातळ थर लावून घ्यावा.

काम चालू असतानाचे हाल वेगळे. पीयूची दारं वर्कशॉपमध्ये नेली होती. घरात फवारू देऊ नका. त्यातलं हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, श्वासात जायला वाईट, दम्याचं माणूस असेल तर अजिबात नको. तोवर कपाटं उघडीबोडकी. सासूबाईंनी त्यांची जुनी लुगडी दोरीवर टाकून पडदे केले. दारं बसल्यावर शेजारच्या काकू येऊन हात फिरवून म्हणाल्या, "हाई नवं शे का वं?" तेवढ्यावर सासूबाईंचा सगळा राग गेला.

इतक्या महिन्यांनंतर पीयूबद्दल माझं मत चांगलं आहे. पुसायला सोपं. फिकट बदामी रंग असूनही हळदीचे डाग लगेच पुसले तर राहत नाहीत. राहिलाच एखादा तर उन्हाच्या तिरपीने काही दिवसांत फिका होतो. पश्चिमेच्या खिडकीजवळचं दार बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळं पडलंय. पीयूमध्ये न पिवळणारा प्रकार असतो, तो थोडा महाग असतो, आणि पांढऱ्या-फिकट रंगाला तोच मागायला हवा. आमच्या पेंटरने विचारलंही नाही. खालच्या कोपऱ्याला कुकरच्या धक्क्याने दोन टवके उडालेत. पीयूचा टवका दुरुस्त करता येतो, पण रंग तंतोतंत जुळत नाही, म्हणून रोज भांडी आपटतात त्या खालच्या दारांना पीयू लावला नाही हे बरं झालं.

खालचा सनमायका दणकट. ओरखडा नाही, फुगा नाही. मॅट गडद रंगावर बोटांचे तेलकट ठसे मात्र दिसतात, आणि भरीत किंवा खापरावरच्या पुरणपोळ्यांच्या दिवशी तर फारच. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब पुरतो. सुटली ती कडेची पट्टी. मे महिन्यात गॅसच्या बाजूच्या दोन दारांची पट्टी वरून उचलली गेली. ती हाताने चिकटवलेली होती. आपल्याकडे त्या दिवसांत दुपारी स्वयंपाकघर नुसतं तापत असतं, त्यात शेगडीची धग. मशीनवर गरम गोंदाने लावलेली पट्टी यापेक्षा चांगली धरते. शहरात मशीनवाले आहेत, लांबीच्या फुटावर घेतात. दारं उतरवलेलीच असतात तेव्हा तिथे नेऊन आणायचा खर्च फारसा नाही.

बिजागऱ्यांपैकी सिंकजवळच्या दोघींवर पावसाळ्यात गंज दिसला. तिथे तरी स्टेनलेस 304 च्या घ्या, बाकी ठिकाणी साध्या चालतात. सैल झालेल्या भोकांत मिस्त्रीने काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून स्क्रू पिळले होते, ते अजून हलले नाहीत. हँडल घेताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या, बहुतेक 96 किंवा 128 एमएम निघतं. तेच घेतलं की पेंटच्या दारांना पुट्टीचं काम वाचतं.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच काम हवं असतं, मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाई करतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाने थिनर इतक्या लवकर उडतो की फवारणी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत बसते, वर धूळ. पावसात प्लायमध्ये दमटपणा असतो. दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारी, एवढाच काळ चांगला. मीही त्या दोन पट्ट्या आणि गंजलेल्या बिजागऱ्या दिवाळीनंतरच करून घेणार आहे. मिस्त्रीने पट्टीचे पैसे घेणार नाही म्हटलंय, बिजागऱ्या मी आणून द्यायच्या.