वरून पांढरंशुभ्र, आत थर्माकोल : होडीच्या बॅटरीच्या कामात आमची झालेली फसवणूक

ज्यांच्याकडे छोटी फायबरची होडी आहे त्यांनी हे नीट वाचा, आणि ज्यांनी यंदा पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत होडीवर काम करून घेतलंय त्यांनी तर नक्कीच वाचा. आमचे साडेतेवीस हजार गेले त्याचं दुःख आहेच, पण बाबांच्या जीवावर बेतलं होतं म्हणून लिहायला बसलोय.

आमची होडी २४ फुटी, आऊटबोर्डवाली, म्हणजे इंजिन मागे बाहेरून लावलेलं. अंजर्ल्याच्या खाडीतून बाहेर पडतो आणि मासळी हर्णैला उतरवतो. इंजिन दोरी ओढून चालू होतं त्यामुळे इंजिनाला बॅटरी लागत नाही, पण फिशफाइंडर (पाण्याखालची मासळी दाखवणारं यंत्र), रात्रीचा दिवा आणि होडीतलं पाणी उपसायचा पंप हे सगळं एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. आधी आम्ही बॅटरी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून सायकलच्या ट्यूबने आवळायचो, तेही चुकीचंच होतं, म्हणून १ जूनला बंदी लागली तेव्हा ठरवलं की यंदा हे काम एकदाच काय ते पक्कं करून घ्यायचं.

ओळखीतून एक फायबरचं काम करणारा मिळाला. बोलायला एकदम गोड. "दादा, होडी फुटेल पण बॅटरी हलणार नाय, असा बेस करून देतो." त्याने सांगितलेला हिशोब असा, नवीन १०० एएचची (अँपिअर-अवर) मरीन बॅटरी ११,५००, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा बेस आणि वर झाकणाचा बॉक्स ७,०००, वायरिंग आणि फ्यूज ३,००० आणि मजुरी २,०००. बोल्ट सगळे ३१६ स्टीलचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारे, लावणार म्हणाला. १५,००० रोख दिले, राहिलेले ८,५०० काम झाल्यावर यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल, आणि बाबा म्हणाले जाऊ दे रे, ओळखीचा माणूस आहे.

काम चालू असताना त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. ग्राइंडरने तळ घासलेला, त्यावर प्लायवूड, त्यावर मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि ती चिकटवणारं रेझिन. बघून बरं वाटलं. नंतर सगळं घडून गेल्यावर मी ते फोटो मोठे करून बघितले तेव्हा लक्षात आलं की फोटोतल्या होडीचा आतला रंग हिरवा आहे. आमची होडी आतून निळी. म्हणजे फोटो दुसऱ्याच कोणाच्या होडीचे, आणि मी ते घरात सगळ्यांना दाखवले होते.

होडी हातात आली तेव्हा मात्र काम बघून कोणीही खूश झालं असतं. बेस पांढराशुभ्र, कडा गोल, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, चकचकीत, बॉक्सला चार कोपऱ्यांत चार चमकणारे बोल्ट. हलवून बघितलं, हललं नाही. किनाऱ्यावर उभ्या होडीत हलणारच नव्हतं.

ऑगस्ट गेला. गणपती झाल्यावर सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी आम्ही परत येत होतो, मी आणि बाबा दोघंच. ओहोटी लागलेली आणि खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे तिथे अशा वेळी लाट उभी राहते, आम्हाला ते माहीतच आहे आणि बाबा मागे इंजिनावर होते, त्यांचा हात चाळीस वर्षांचा. एक लाट खालून गेली, होडी उचलली आणि धाडकन आपटली, आणि त्या आवाजाबरोबर दुसरा एक आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा. बॅटरी बेससकट सुटली. २७-२८ किलोचं वजन ते, बॉक्सचं झाकण उडालं आणि सगळं घसरत मागे पेट्रोलच्या टाकीवर जाऊन आदळलं आणि आडवं झालं. टर्मिनलवर प्लास्टिकच्या टोप्याच नव्हत्या. तिथे नांगराची साखळी पडलेली होती ती दोन्ही टर्मिनलवर आडवी बसली आणि ठिणग्या उडायला लागल्या. पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर. मी वल्ह्याने साखळी उडवली. तेवढ्यात ॲसिड बाबांच्या पायावर सांडलं होतं, मी बादलीने खारं पाणी ओतत राहिलो, पंप बंद पडलेला, होडीत घोट्याएवढं पाणी, आणि बाबा त्या अवस्थेत इंजिन सोडायला तयार नाहीत. आत आलो कसे ते आमचं आम्हाला माहीत.

बाबांच्या पिंढरीवर तळहाताएवढी कातडी भाजली, डॉक्टर म्हणाले लगेच पाणी ओतलंत म्हणून थोडक्यात निभावलं. त्यांची अर्धी चड्डी आईने धुतली आणि वाळत घातली तेव्हा चाळणीसारखी भोकं पडलेली दिसली. आई ती हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभी होती.

आता बेसबद्दल सांगतो, कारण खरी फसवणूक तिथे आहे. सुटलेला बेस मी पडवीत आणून हातोडीने फोडला. वर जेलकोटचा पातळ थर, त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी, गाड्यांच्या पत्र्याचे पोचे भरायला वापरतात ती. मॅटचा एक धागा नाही. मरीन प्लायच्या जागी फळांच्या खोक्याच्या दोन पट्ट्या. आणि मधली पोकळी भरायला थर्माकोल, त्याला ब्राऊन टेप गुंडाळलेली. ही टेप बघून माझं डोकं फिरलं. फायबरच्या रेझिनमध्ये थर्माकोल विरघळतो, पुट्टीतही तेच रेझिन असतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून त्याने आधी टेप लावून तो झाकून घेतला. घाईत कमीजास्त झालं असं म्हणायला जागाच ठेवली नाही, विचार करून केलंय हे.

होडीच्या तळावर जिथून बेस सुटला तिथे आमचा जुना निळा रंग जसाच्या तसा, साधा ओरखडासुद्धा नाही. फायबर जुन्या फायबरला आपोआप चिकटत नाही, रंग आणि जेलकोट घासून आतले काचेचे धागे उघडे करावे लागतात, ॲसिटोनने पुसावं लागतं आणि मग मॅट रेझिन. हे न करता रंगावर पुट्टी थापली की ती भिंतीवरच्या पोपड्यासारखी कधीतरी सुटणारच. बोल्ट निघाले जस्त चढवलेले लोखंडी, दोन महिन्यांत गंजले, आणि आत नटसुद्धा नाही, नुसते पुट्टीत रुतवलेले. इथे एक सांगतो, लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात, त्याने लोखंड पकडलं जातं हे खरं, पण २०२ नंबरचं हलकं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि खाऱ्या पाण्यात ते गंजतंच, त्यामुळे चुंबकात पास झालं म्हणजे ३१६ असं समजू नका, बोल्टच्या डोक्यावरचा मार्क आणि दुकानाचं बिल बघा. फ्यूज नव्हताच, वायरला पीळ देऊन टेप मारलेली. आणि बॅटरीचं स्टिकर खाऱ्या पाण्याने सुटलं तर त्याखाली दुसऱ्याच कंपनीचं नाव उठावदार अक्षरात आणि तारखेचा कोड तासून काढलेला. जुनी बॅटरी रंगवून नवी म्हणून दिली.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकलला आहे, त्याने सांगितलं की अमेरिकेत पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या बोटींसाठी नियमच आहे, बॅटरीला ९० पौंड किंवा तिच्या वजनाच्या दुप्पट यातलं जे कमी असेल तेवढ्या जोराने ओढलं तरी ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. ९० पौंड म्हणजे साधारण ४१ किलो. हे आपल्यालाही सहज करता येतं, मासळी तोलायचा हुकाचा काटा प्रत्येकाकडे असतो. पट्टा बांधा, काटा अडकवा, ४१ किलोपर्यंत मिनिटभर ओढून धरा, पुढे, मागे, आडवं आणि वरसुद्धा. वर ओढायला विसरू नका, होडी आपटते तेव्हा बॅटरी आधी वरच उडते.

नवीन काम आम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं पण आमच्या अंगणात, समोर बसून. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की जेलकोट मी बघितल्याशिवाय मारायचा नाही, आणि तो भला माणूस म्हणाला, "बघाच, मलापण तेच बरं." तळ घासताना काच दिसेपर्यंत मी बघितलं, प्लायच्या चारी बाजूंनी मॅटचे तीन थर गुंडाळले, बोल्टच्या भोकांत रेझिन भरलं कारण तिथूनच पाणी शिरून प्लाय कुजतं, बोल्ट बेसच्या उंचवट्यातच, तळाच्या आरपार एकही नाही. बॅटरीच्या चारी बाजूंनी अडसर आणि वरून बकलवाला रुंद पट्टा, टर्मिनलला टोप्या, बॉक्सला हवा जायला भोकं कारण चार्जिंगला हायड्रोजन निघतो, फ्यूज बॅटरीपासून वीतभरात. पेट्रोलची टाकी दुसऱ्या टोकाला नेली. काट्याने ओढून बघितलं, बोटभरही हललं नाही.

पहिल्याकडे गेलो तर आधी म्हणाला तुम्हीच होडी आपटली, मग बेसचे तुकडे दाखवले तर पाच हजार घ्या आणि विषय मिटवा, आणि वर हेही की धंद्याच्या होडीची ग्राहक तक्रार होत नसते. हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच धरला जातो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे ते हिरव्या होडीचे फोटो आणि डॉक्टरांचे कागद आहेत. बेसचे तुकडे फेकू नका असं वकिलांनी बजावलंय म्हणून ते टेपसकट गोणीत बांधून माळ्यावर ठेवलेत.

तुमच्या होडीत असा पांढरा गोल कडांचा बेस असेल तर आजच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याच्यावर ठोकून बघा, सगळीकडे सारखा टणक आवाज आला पाहिजे. मध्येच बद्द आवाज आला तर तेवढी जागा कोरून आत काय आहे ते बघा, आणि ते बघितल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका.